मक्यातली गोल जागा

भोकरदनच्या बाजारात मका वाळवायला सिमेंटचा मोठा ओटा आहे. तिथं तिशीतला एक माणूस रोज सकाळी छोट्या चाकांची, कसरतीची सायकल घेऊन सरावाला यायचा. आधी फरशी झाडायचा, कारण चाकाखाली एक दाणा आला तरी तो आपटायचा. झाडलेले दाणे ज्याच्या त्याच्या ढिगावर टाकायचा. मग पुढच्या चाकावर तोल धरून गरगर फिरायचा आणि पडायचा.

हंगाम लागला, ओटा भरत आला. मलाही मका पसरायचा होता. मी जरा तिरसटपणेच म्हणालो, "आता दुसरीकडं जा की, भाऊ."

"दुसरीकडं पडायची भीती वाटती," तो म्हणाला. "इथं न्हाई वाटत. ही फरशी वळखीची हाय."

दुसऱ्या दिवशी माझा मका पसरताना मी मधोमध गोल जागा सोडली.

शेजाऱ्यानं विचारलं, "हे कशाला?"

म्हणालो, "एक माणूस येतो पडायला."