पाणी पिण्याचं पहिलं बक्षीस

आमची संस्था सुरू झाली तेव्हा आम्ही चौघी मैत्रिणी अकरावीत होतो आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालो होतो. अठरा पूर्ण नसलेल्यांना विश्वस्त होता येत नाही, म्हणून कागदोपत्री आमच्या आयांची नावं होती. आया सह्या करायच्या, संस्था आम्ही चालवायचो. दर रविवारी ठाण्यात, वर्तकनगरला आमच्या घरी बैठक भरायची आणि बाबांना टीव्ही बंद करून आतल्या खोलीत जाऊन बसावं लागायचं. तरुणांच्या आरोग्याबद्दल तरुणांनीच बोलावं, मोठ्यांना ते जमत नाही, असं आमचं म्हणणं होतं. ते आम्ही मोठ्यांच्या तोंडावर सांगायचो आणि मोठे टाळ्या वाजवायचे.

आम्ही आळशी मात्र नव्हतो. पत्रकातलं एकेक वाक्य ओळखीच्या डॉक्टरबाईंकडून तपासून घ्यायचो. बाईंनी खोडलेला शब्द पुन्हा घातला म्हणून मी एका मैत्रिणीशी आठवडाभर बोलले नव्हते. इतकी मी काटेकोर होते, आणि त्याचा मला गर्व होता.

त्या मैत्रिणीचे मामा कल्याणजवळ मोहन्याच्या एका शाळेत शिक्षक होते. त्यांच्या ओळखीने तिथल्या नववीच्या मुलींसाठी आम्ही सहा आठवड्यांचा एक खेळ आखला. वेफर्स आणि थंड पेयांच्या बाटल्या बंद, पाणी सुरू. वर्गाच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला. पाण्याची एक बाटली संपली की आपल्या नावापुढे एक निळी टिकली चिकटवायची, कपाळाला लावतात तीच. दर शनिवारी आम्ही ठाण्याहून वजनकाटा टॉवेलात गुंडाळून घेऊन जायचो आणि सगळ्यांची वजनं घ्यायचो. वजन उतरवणं हा हेतू नाही, असं आम्ही पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. पण कुणाचा आकडा खाली आला की आमच्याच तोंडून 'वा' निघायचं आणि मुलींना काय कळायचं ते कळायचं.

त्या वर्गात एक गुबगुबीत, अबोल मुलगी होती. अभ्यासात नाही, खेळात नाही, गॅदरिंगलाही मागच्या रांगेत. तिसऱ्या आठवड्यापासून तिच्या टिकल्या सगळ्यांच्या पुढे गेल्या. चौथ्या आठवड्यात तिच्या ओळीत जागा उरली नाही, म्हणून मी स्वतः तक्त्याला कागद जोडून दिला. वजनही दर शनिवारी उतरत होतं. आम्हाला तर ती हवीच होती. दर संस्थेला अशी एक मुलगी लागते, जिच्याकडे बोट दाखवून सांगता येतं की बघा, आमच्यामुळे झालं.

एकदा वर्गशिक्षिकांनी मला बाजूला घेतलं. ही मुलगी प्रत्येक तासाला बाहेर जायची परवानगी मागते, वर्गाचा विचका होतो, त्यात बाकावर डोकं टेकून झोपते, असं त्यांचं म्हणणं होतं. मी सतरा वर्षांची, त्या पन्नाशीच्या. मी त्यांना चांगलं सुनावलं. शाळेतली स्वच्छतागृहं घाण म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि एखादी प्यायला लागली तर तुम्ही तिला अडवता, असं काहीसं बोलले. बाई वर्गात निघून गेल्या. जिंकल्यासारखं वाटलं, तेही सांगून टाकते.

शेवटच्या शनिवारी तिला पहिलं बक्षीस दिलं. स्टीलची बाटली आणि प्रमाणपत्र. आम्ही तिचा छोटा व्हिडिओ केला. त्यात ती लाजत सांगते की आता सवयच झाली, रात्रीसुद्धा चार-पाच वेळा पाणी प्यायला उठते. त्या वाक्यावर आम्ही हसलो, खाली संगीत टाकलं आणि तेच वाक्य व्हिडिओच्या सुरुवातीला घेतलं. आमच्या सगळ्या व्हिडिओंमध्ये तोच सगळ्यात जास्त बघितला गेला.

बारा दिवसांनी मामांचा फोन आला. ती मुलगी कल्याणच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होती. आधी उलट्या सुरू झाल्या, घरच्यांना वाटलं बाहेरचं काही खाल्लं असेल. मग तिला जोराचा श्वास लागला आणि ती हाकेला ओ देईना. रक्तातली साखर भयंकर वाढली होती. लहान वयात होणारा मधुमेह, ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबतं. साखर लघवीवाटे जात राहते, म्हणून तहान, म्हणून वजन उतरतं. भिंतीवरच्या तक्त्यात आम्ही सहा आठवडे तिचा आजार मोजत होतो आणि त्यालाच बक्षीस दिलं होतं.

याहून वाईट पुढे आहे. मधुमेहावर आमचं एक पत्रक होतं. सतत तहान, वारंवार लघवी, खाऊनही घटणारं वजन, थकवा. ती यादी मीच टाईप केली होती, मला तोंडपाठ होती. पण ते पत्रक आम्ही वाटायचो बागेत फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना. शाळेतल्या मुलांनाही मधुमेह होऊ शकतो हे त्याच पत्रकात खाली बारीक अक्षरात होतं आणि तेही डॉक्टरबाईंनी तपासलेलं होतं.

पाच दिवसांनी ती शुद्धीवर, धोक्याबाहेर आली. आमच्या बैठकीत तोवर वेगळंच सुरू झालं होतं. व्हिडिओ काढून टाकला होता. एका मैत्रिणीच्या आईने सांगितलं की कुणी भेटायला जाऊ नका, काही लिहून देऊ नका, कागदावर नाव आमचं आहे. त्यांचंही चुकत नव्हतं. मैत्रिणी म्हणाल्या, आजार काही आपण दिला नाही. तेही खरंच होतं. मी जाणार म्हटल्यावर माझी आई भांडी लावता लावता एवढंच म्हणाली, "जायचं तर जा. पण स्वतःचं मन हलकं करायला जाऊ नकोस."

मी गेले ती मात्र त्यासाठीच.

मुलगी घरी आल्यानंतरच्या रविवारी मी मोहन्याला तिच्या चाळीत पोचले. वडील सुरक्षारक्षकाच्या ड्युटीवर होते. आजी दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या, मुलगी कॉटवर. गालांची हाडं दिसत होती. मला बघून ती उठून बसली आणि तिने पहिलं विचारलं, "ताई, बक्षीस परत घेणार का?" मी नाही म्हटलं.

तिच्या आईने चहा टाकला. मी ओट्याजवळ उभी राहून सगळं सांगितलं. तक्ता, वजन, व्हिडिओ, पत्रक. आम्हाला ओळखता यायला हवं होतं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या, माफ करा काकू, असं म्हणाले. वाटलं होतं त्या रागावतील. खरं तर त्यांनी रागवावं म्हणूनच मी गेले होते.

त्यांनी गॅस बंद केला. "मी बोललेले ह्यांना," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस बोलत होते. कपडे सैल झालेत, रात्रीची सारखी उठते, एकदा दाखवून आणूया. ही मलाच बोलली, आई तू गप, ताईंनी सांगितलंय. ह्यांनी तुमचा तो व्हिडिओ बघितला. म्हणाले, तुला काय कळतं, शिकलेल्या पोरी आहेत त्या."

मग बाकीचं हळूहळू कळलं. रुग्णालयातून आल्यापासून घरात एकच बोललं जात होतं, की आईनेच लाडाने गोडधोड खाऊ घातलं म्हणून पोरीला साखर झाली. सासूबाई बोलत होत्या, नणंद फोनवर बोलत होती. नवरा बोलत नव्हता, पण त्याने शिरा केलेलं पातेलं उचलून बाहेर ठेवलं होतं. आणि ही बाई रोज चार वेळा मुलीला सुई टोचत होती आणि स्वतःलाही तेच सांगत होती. मी म्हटलं, काकू, हा आजार गोड खाऊन होत नाही, कुणाच्याच खाण्याने होत नाही.

"हे तू मला सांगितलंस," त्या म्हणाल्या. "हे सात वाजता येतील. त्यांच्यासमोर सांगशील?"

दीड तास मी तिथेच बसून राहिले. मधे मुलीची सुई झाली, जेवण झालं. घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलू, पळून जावंसं वाटत होतं.

ते आले, हातपाय धुऊन बसले. मी पुन्हा सगळं सांगितलं. ओट्याजवळ सांगितलं त्याहून कठीण गेलं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर सुरुवातीला आदर होता. शेवटी त्यांनी विचारलं, तेव्हाच नेलं असतं तर? मी म्हटलं, आजार झालाच असता, काका. पण अतिदक्षता विभागात जायची वेळ बहुतेक आली नसती. काकू बोलत होत्या ते बरोबर होतं. आम्ही सांगत होतो ते चूक होतं.

ते बायकोकडे बघून म्हणाले, "म्हणजे तू बोललेलीस ते..." आणि थांबले. काकूंनी त्यांना वाक्य पूर्ण करायला लावलं नाही. डोळे पुसले, खुर्ची उचलली आणि दारात, सासूबाईंच्या शेजारी नेऊन ठेवली.

"यांना कमी ऐकू येतं," मला म्हणाल्या. "परत एकदा सांग. मोठ्याने सांग."

बाहेर चाळीतल्या बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी खुर्चीवर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.