ऐनाबाईचं सुतक

ऐनाबाई गेली तवा म्या उशालाच बसून व्हते. भूमच्या डाक्टरनं आदीच सांगितलं व्हतं, फुफ्फुस संपलं म्हनून. पानी मागितलं, दोन घोट घेतलं... आन मान टाकली.

तिचं खरं नाव ऐनो. एस्टोनिया नावाच्या मुलखातली, तिकडं सहा म्हैने बरफ पडतं म्हनायची. तुळजापूरला चित्रं काढाय आली, तिथनं आमच्या गावात आली आन माज्या घरातल्या खोलीत अठरा वर्सं ऱ्हायली. गावानं ऐनोचं ऐना केलं. बाया हसायच्या, ह्या ऐन्यात कुनी बघू नगा, हाय तसंच दिसतं. खोटं न्हवतं ते. ढोकीकडं ऊस तोडनाऱ्या बायांचे हात काढले तिनं, भेगा, फुटकी नखं, सगळं. सरपंचाच्या आईला काढलं, तर म्हातारीनं कागद फाडून तिच्या अंगावर टाकला. ऐनाबाईनं दुसऱ्या दिवशी तसंच पुन्यांदा काढलं.

माज्या लेकीला, सोनाला, तिनं खोलीच्या भिंतीवर काढलं, लग्नाच्या आदी. रंग इथलाच, काव म्हंजी तांबडी माती आन चुना घोटून. म्या म्हनलं, बाई, पुढचा वाकडा दात तेवढा झाका, पावनं बघाय येत्याल.

"दात न्हाय, तर सोना न्हाय," ती म्हनली.

लग्नाला वरीस झालं न्हाय, सोना सासरी जळून मेली. स्टो भडकला म्हनाले. लग्नाचे फोटू त्यांच्याकडंच, एक बी दिला न्हाय. लेक म्हनून मला ती भिंत तेवढी ऱ्हायली. खोली झाडायच्या नावाखाली रोज जायची म्या. ऐनाबाईला कळायचं. ती तोंड फिरवून कुंचलं धूत बसायची...

ती मेल्यावर दीर म्हनले, परक्या बाईचं सुतक कशाचं? म्या हट्ट धरला, ती घरचीच हाय. धा दिवस पाळलं. धाव्याला तिची राख घेऊन नदीला गेले. माघारी आले तर भावकीतल्या बाया हात पुसत उभ्या. सुतक फिटलं की घर सारवायचं असतं, तसं सारवलं व्हतं. ती खोली बी. भिंती बी, पार वरपातूर, पांढऱ्या मातीनं.

धाकली जाऊ म्हनली, "अक्का, तुमीच म्हनलाव, घरचं सुतक हाय. मग घरच्यावानीच केलं."

तिचं काय चुकलं? म्या भिंत नखानं उकरून बघितली. काव वल्या मातीत कालवून गेली व्हती, बोटाला नुसता तांबडा चिखल आला.

बाया उनातनं आल्या व्हत्या. म्या हात धुतला आन समद्यांना चहा टाकला.