तिघांच्या पायाशी आडवी

आर्डेलियामावशीला आज दुपारी मातीत ठेवलं. बाकीच्या थडग्यांना आडवं ठेवलं. आमच्या चर्चच्या दफनभूमीत असं आजवर कुणालाच ठेवलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

ह्यूस्टनच्या पाचव्या वॉर्डात मावशीला न ओळखणारं घर नव्हतं, कारण कुणी गेल्याची खबर तीच आणायची. घरोघर फोन आले तरी तिने ते काम सोडलं नाही. "मरणाची बातमी तोंडाकडे बघून सांगावी," म्हणायची. हॅट आणि हातमोजे घालून ती फाटकाशी दिसली, की बायका पिठाचे हात पुसत गॅस बंद करायच्या. तिचा नवरा एझेल रेल्वेच्या यार्डात डबे जोडताना चेंगरून गेला, तेव्हाही तीच निघाली. माझ्या आईने दार उघडून विचारलं, "आज कुणाचं गं, आर्डेलिया?"

"आज माझंच," मावशी म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली.

थडग्यावर दगड बसवायची ऐपत तेव्हा थोड्यांचीच. आमच्यात माणूस ज्या कपातून शेवटचं प्यायलं, तो बुडाला भोक पाडून थडग्यावर ठेवतात. कप फुटला की मरणाची साखळी तुटते, त्याच्या मागोमाग घरातलं दुसरं कुणी जात नाही. एझेलचा कप निळ्या काठाचा होता. मावशी दर शनिवारी केरसुणी घेऊन जायची, गवत खरवडून थडग्याची माती अंगणासारखी झाडून यायची. थडग्यावर गवत माजलं म्हणजे त्या माणसाचं मागे कुणी उरलं नाही, असं आम्ही समजतो.

गेल्या वर्षी चर्चला शंभर वर्षं झाली. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन हॉलिसची मुलगी कॉर्लिस शहराबाहेर राहायला गेलेली, ती मैत्रिणींना घेऊन मदतीला आली. मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होती. कॉर्लिसने दफनभूमी साफ करून घेतली, खचलेली थडगी भरली, वर हिरवळ अंथरली. फुटके कप तिने टाकले नाहीत. टाकले असते तर कुणीतरी ओरडलं असतं. तिने ते धुऊन पुसून चर्चच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात मांडले, वाडवडिलांची आठवण म्हणून. ते बघून लोकांचे डोळे भरून आले. कुठला कप कुठून उचलला, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

मग मावशी काठी टेकत आली.

"मावशी, मी माझ्या हाताने धुतलेत," कॉर्लिस म्हणाली.

"दिसतंय. एझेल होता तेव्हाही हा कप इतका स्वच्छ नव्हता." मग हळूच म्हणाली, "आणि एझेल कुठे आहे गं?"

कॉर्लिसचा चेहराच उतरला.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर कपाट उघडलं. आपापला कप घेऊन सगळे दफनभूमीत गेले. कुणाला पिकानचं झाड आठवत होतं, कुणाला नळ.

"तुझा आजा माझ्या आजीशेजारी कसा? दोघं बोलतसुद्धा नव्हती!"

"म्हणूनच कुंपणाकडे तोंड करून निजलाय!"

मावशीला मात्र कसलीच खूण सांगता येईना. "मी झाड कधी बघितलंच नाही," ती म्हणाली. "कप दिसला की थांबायचे."

शेवटी कुंपणालगत तिघांपुरती जागा उरली आणि तीन कप उरले. एझेलचा, एक कान तुटलेला पांढरा, आणि कुणा लेकराचा पत्र्याचा. त्या दोघांचं कुणीही हयात नव्हतं. मावशीने तिन्ही कप एकत्र मधोमध ठेवले.

"कोण कुठे ते प्रभूला ठाऊक. झाडायचं काम माझं."

तेव्हापासून ती तिघांची माती झाडू लागली. पत्र्याच्या कपापाशी पेपरमिंटची गोळी ठेवून यायची. कॉर्लिस दर शनिवारी गाडी चालवत येऊन तिच्यासोबत वाकून हिरवळ उपटायची.

यंदा मावशीने अंथरूण धरलं. डीकन हॉलिस विचारायला गेले, तेव्हा मी सूप घेऊन तिथेच होते.

"एझेलशेजारी म्हणालात तर कुठे खणायचं?" त्यांनी विचारलं.

"तिघांच्या पायाशी. आडवं. म्हणजे कुठेही असला तरी माझ्यापासून सारखाच."

"अहो, आपण पाय पूर्वेला करून ठेवतो. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येईल तेव्हा सगळे उठून समोर बघतील आणि तुम्ही भलतीकडेच!"

"मान वळवीन की. तेवढी मान अजून आहे मला."

डीकन हसले आणि लगेच रुमाल शोधू लागले.

मंगळवारी सकाळी माझं दार वाजलं. बाहेर कॉर्लिस, डोक्यावर हॅट, हातात मोजे. कळलं तरी मी विचारलं, "आज कुणाचं गं?"

"आपलंच," ती म्हणाली. पुढच्या घरी जायचं होतं, म्हणून आत आली नाही.

आज मावशीच्या कपाला भोक पाडायची हातोडी तिच्याच हातात दिली. घाव जोरात बसला आणि कपाचे दोन तुकडे झाले. ती कावरीबावरी झाली.

"राहू दे, पोरी," डीकन म्हणाले. "चांगली तुटली साखळी."

दोन्ही तुकडे ओल्या मातीत नीट बसवले. मावशीची केरसुणी कॉर्लिस घेऊन गेली. शनिवारी माती सुकलेली असेल.