नकोसा गोलकीपर

८ जुलै. शाळेचे वेळापत्रक लावत होते. शेजारी मुलगी कॉम्प्युटरवरच्या खेळात फुटबॉल संघाची मॅनेजर झाली होती आणि आधीच्या मॅनेजरचे खेळाडू काढून टाकत होती.

"हा गोलकीपर का नको?"

"म्हातारा आहे गं आई. कोणी फुकटसुद्धा नेत नाही."

"खेळवून पाहिलास?"

"मी कुठे घेतलाय त्याला!"

माणूस नकोसा व्हायला एवढे पुरते? गंमत वाटली. मुख्याध्यापिका म्हणून मी महिन्यापूर्वीच इथे आले. आधीच्या बाईंनी तासांवर नेमलेल्या चित्रकलेच्या सरांना मी वेळापत्रकात एकही तास दिला नव्हता. तास नाहीत म्हणजे नोकरी गेली. त्यांचा वर्ग मात्र मी पाहिलेलाच नव्हता.

९ जुलै. सकाळी मी पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. सर फळ्यावर बैल काढत होते.