वाकळीला शिवलेलं धोतर

निजामाच्या राज्यातली गोष्ट. बायकोचे दिवस भरत आल्ते, अन् बाभळीचा काटा रुतून तिचा उजवा हात सुजला. बाळासाठी वाकळ, कुंची, झबली, सगळंच शिवायचं राहिलं होतं. मी म्हणलं, "त्यात काय? मी शिवतो." सुई कधी हातात धरली नव्हती. कुंची अर्धी सोडून झबलं घेतलं, ते जमंना म्हणून वाकळीवर जाऊन बसलो.

तेवढ्यात मंठ्याहून मेव्हणा आला. मी उठलो तर वाकळ माझ्यासंगं उठली. टाक्यात माझं धोतरच शिवलं गेल्तं.

मेव्हणा हसून बेजार. "दाजी, बाळंतपण बी तुमीच करता का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलून गेलो, "काय करू? तुझ्या बहिणीला कामाचा कंटाळा."

ती दारातच उभी होती. तिनं सुजलेला हात पदराखाली घेतला अन् भावाला म्हणाली, "व्हय, मीच बसवलं त्यांना."

तिचा हात दुखतो, एवढं बी मी सांगितलं न्हाई. खाली बघत टाके उसवत बसलो.

मेव्हणा कवाच गेला. औंदा ती बी गेली. आता खरं सांगून काय उपयोग?