मी जिवाईला माणूस समजले होते

लग्न होऊन कर्जतजवळच्या त्या खेड्यात आले, त्याचा तिसरा दिवस. स्वातंत्र्य मिळायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट, मी पंधरा वर्षांची... आता नव्वदी ओलांडून बरीच पुढे आलेय. नातसुनेने फोनमध्ये बोलून टाइप करायला शिकवलंय, तेव्हा काही चुकलं तर तिला बोला, मला नाही.

तर मी चुलीपुढे भाकरी थापत होते आणि बाहेर ओसरीवर दोघं भाऊ कडाकडा भांडत होते. एक माझे थोरले दीर आणि दुसरे आमचे हे. "जिवाई मी न्हाई सोडायचो!" दीर ओरडले. "मंग मी तरी का सोडू?" हे म्हणाले.

मी नगर शहरातली. वडील कपडे शिवायचे, सात पिढ्यांत ढेकळाएवढी जमीन नाही. मला वाटलं, ठकाई, साळाई असतात तशी ही जिवाई कुणीतरी म्हातारी असणार... यांची आत्या, नाहीतर चुलत आजी.

अगं बाई, काय भरून आलं मला! लोक म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात मारतात आणि इथे दोन भाऊ एका म्हातारीला सांभाळण्यासाठी हमरीतुमरीवर आलेत. म्हटलं, नशीब काढलं आपण.

विचारणार कुणाला? नवी नवरी, दिवसा नवऱ्याशी बोलायची चोरी, आणि जाऊबाई कायम घुश्शात. मी आपली रोज एक भाकरी जास्त थापायची... जिवाई आज येतील, उद्या येतील. "शेरातल्यास्नी अंदाजच न्हाई," असं जाऊबाई म्हणायच्या आणि ती भाकरी म्हशीला घालायच्या.

तशी घरात म्हातारी होतीच एक, माझ्या सासूबाई. त्यांना सगळे बय म्हणायचे. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, ताट हातात द्यायला, परसाकडे न्यायला माणूस लागायचं. सासरे वारल्यापासून त्या कोपऱ्यात बसून असायच्या. त्यांच्यावरून मात्र कुणीच भांडत नव्हतं.

सहाव्या दिवशी वाटण्या करायला पंच आले. आम्ही दोघी जावा दाराआड, बय उंबऱ्याशी. रानं झाली, बैलं झाली, भांडीकुंडी झाली... आणि गाडं जिवाईवर येऊन अडलं. दोघंही हट्टाला पेटले.

शेवटी दीर तिरीमिरीत उठले. "मंग करा जिवाईचे दोन तुकडे! एक त्याला, एक मला!"

मी डोक्यावरचा पदर, समोरचे पंच, सगळं विसरले आणि ओरडले, "अहो, म्हातारीचे तुकडे कसले करताय? मी सांभाळते तिला!"

ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं आणि पाठोपाठ सगळेच... आमचे हेसुद्धा. पंचांतले अत्तारचाचा तेवढे हसले नाहीत.

"पोरी, जिवाई बाई न्हाई, रान हाय," ते म्हणाले. "हिरीखालचं रान. तुझ्या सासूच्या पोटापान्यासाठी काढून ठिवल्यालं. जो म्हातारीला मरस्तवर सांभाळंल, त्यानं ती जिवाई कसायची."

म्हणजे ही सगळी ओढाताण विहिरीच्या पाण्यासाठी होती? ज्या मायेचं मी मनातल्या मनात कौतुक करत बसले होते, ती माया भिजणाऱ्या जमिनीवरची? आणि बय तिथेच बसून सगळं ऐकत होत्या. दोन्ही लेकांनी जिवाई जिवाई करून घसा कोरडा केला, पण 'बय माझ्याकडं राहील' असं एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं.

लाज वाटली, संताप आला, रडूही आलं. आठवड्यापूर्वी ज्याच्या गळ्यात माळ घातली, त्याच्या तोंडाकडे बघवेना.

तेवढ्यात बय बोलल्या. "तुकडं करू नगा. मी धाकट्या सुनंकडं जाती. जिवाई बी तिकडंच." पंचांनी माना डोलावल्या. "शिकवून ठिवलीय हिला! शेरातली हाय, लई बेरकी!" असं म्हणत दीर तरातरा निघून गेले. जाऊबाई पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत.

बय आमच्याकडे अकरा वर्षं होत्या. न्हाऊ घातलं, भरवलं, शेवटी शेवटी अंथरुणातलं सगळं केलं. त्यांच्या त्या रानातल्या गव्हावर माझी पोरंही मोठी झाली, ते मी कशाला लपवू?

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीचं. पंच उठून गेल्यावर मी बयना हात धरून परसात नेत होते. त्या मधेच थांबल्या. "खरं सांग गं... हे रान नसतं, तरी म्हनली असतीस, सांभाळते म्हनून?"

मी "हो" म्हणाले. पण लगेच नाही... मधे जरा वेळ गेला.

तासाभरापूर्वी जिवाई ही कुणी अनोळखी म्हातारी होती, तेव्हा मी जराही विचार न करता ओरडले होते. आणि आता सख्खी सासू समोर उभी असताना माझी जीभ अडखळली. एका तासात मी त्या घरातली झाले होते. दिरांचा, यांचा, कुणाचाच एवढा धक्का मला बसला नव्हता, जेवढा माझा मला बसला.

बयना ते कळलं नसेल असं नाही. त्यांनी माझा हात सोडला असता तरी मी काही म्हणू शकले नसते... पण त्यांनी तो उलट घट्ट धरला आणि "चल," म्हणाल्या. त्या एका शब्दासाठी मी अजून त्यांची ऋणी आहे.