एका रकान्याची चूक

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी आयटी विभागात लागले, तेव्हा सगळ्या संगणकांची नि प्रिंटरांची यादी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. कुठलं यंत्र कुठे आहे, कोण वापरतं, हे सगळं त्या यादीत. तक्रार आली की आम्ही आधी तिथेच बघायचो.

पहिल्याच वर्षी दोन विभाग नव्या शेडमध्ये हलले. साडेचारशे नोंदी बदलायच्या होत्या. एकेक करत बसले असते तर महिना गेला असता. मी पूर्ण यादी एक्सेलमध्ये उतरवली, दुरुस्त केली आणि एकदम परत चढवली. त्या संध्याकाळी शाहूपुरीतल्या घरी पोचले ती स्वतःवर खूश होऊनच.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या प्रिंटरची तक्रार आली आणि आमचा माणूस यादी बघून कँटीनमध्ये जाऊन उभा राहिला. मागोमाग तसेच आणखी तीन फोन. फाइल उघडली आणि चूक दिसली. मी जागेचा रकाना वर्णानुक्रमे लावला होता, पण तेवढा एकच. बाकीचे होते तिथेच राहिले. प्रत्येक यंत्राला भलतीच जागा चिकटली होती. जुन्या यादीची वेगळी प्रत मी ठेवलीच नव्हती.

मी जाऊन आमच्या विभागाच्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी फाइल खालपर्यंत तपासली. मग म्हणाले, यादी बिघडलीय, यंत्रं जागेवरच आहेत, जाऊन बघून या. सोबत त्यांनी शिरोळचे एक वयस्क इलेक्ट्रिशियन दिले. त्यांना सगळे मामा म्हणत.

माझा पडलेला चेहरा बघून मामा म्हणाले, "म्हापुरात छावणीत समद्यांची जनावरं मिसळलीती. पानी उतरल्यावर एकेकाच्या दावणीला जाऊन बघितलं, मगच ज्येची त्येला दिली. ही यंत्रं तर हलतबी न्हाईत."

आठ दिवस आम्ही फिरलो. मामा टेबलाखाली वाकून स्टिकरवरचा नंबर वाचायचे, मी लिहून घ्यायचे. तेव्हा कळलं, यादी माझ्याआधीही फारशी खरी नव्हती. भंगारात गेलेली यंत्रं तिच्यात सुखाने नांदत होती, आणि तपासणी विभागातल्या एका बाईंच्या संगणकाची नोंदच नव्हती. तो इतका सावकाश सुरू व्हायचा की बटण दाबून त्या चहा पिऊन यायच्या. बदलून मागितला की उत्तर ठरलेलं, असं यंत्र यादीत नाही.

मी नंबर लिहून घेतला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे आता माझा संगणक हाय म्हणायचा?"

"हाय की," मामा म्हणाले.

दोन महिन्यांत त्यांना नवा संगणक मिळाला. पुढच्या मोठ्या बदलाचं कामही साहेबांनी मलाच दिलं. मी आधी प्रत बाजूला ठेवली, पाचच नोंदी बदलल्या आणि ती पाच यंत्रं चालत जाऊन पाहिली. मग बाकीच्या चढवल्या. त्या दिवशी चुकीच्या दारात कुणी गेलं नाही.